कोरियाचा इतिहास वाचताना : बेकजंग कुठे आहे?

कोरियाच्या आधुनिक इतिहासावरचे कोणते पुस्तक वाचावे, हा प्रश्न आपल्या चळवळीतल्या विद्यार्थ्याला, शिक्षकाला किंवा कार्यकर्त्याला का पडावा? त्या देशाशी आपला संबंध तसा थोडाच. कोरियन युद्धानंतर, १९५३ साली, युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखाली आयोग काम करीत होता, एवढे जुन्या पिढीला आठवत असेल. नव्या पिढीला कोरिया माहीत आहे तो मोटारी, दूरध्वनी आणि गाणी-सिनेमा यांतून. परंतु जातीचा प्रश्न आधुनिकीकरणाने आपोआप सुटेल असे म्हणणाऱ्यांच्या हाती कोरिया हे एक सोयीचे उदाहरण आहे. कोरियातही अस्पृश्य होते, आज ते शोधून सापडत नाहीत. कारखाने आले, शहरे वाढली, शिक्षण पसरले आणि अस्पृश्यता विरघळली. मग तुम्हीच एवढा आक्रोश का करता, असा हा युक्तिवाद आहे. तो खरा की खोटा हे ठरवायचे तर कोरियाचा इतिहास वाचावा लागेल. आणि इतिहास वाचायचा तर आधी पुस्तक पारखून घ्यावे लागेल, कारण पुस्तकांनीच हा युक्तिवाद जन्माला घातला आहे.

पुस्तकाची पारख करण्याचे विद्यापीठीय निकष ठरलेले आहेत. लेखकाचा अधिकार, साधनांची विश्वसनीयता, प्रकाशनाचे वर्ष, संदर्भांची शिस्त. हे निकष टाकाऊ नाहीत. परंतु ते सगळे पार करूनही एखादे पुस्तक अर्ध्या समाजाला वगळू शकते, हा आपला भारतीय इतिहासलेखनाबाबतचा अनुभव आहे. म्हणून या निकषांच्या जोडीला आपला एक निकष ठेवला पाहिजे. पुस्तक उघडल्यावर प्रथम विचारावे : या इतिहासात सर्वांत खालचा माणूस कुठे उभा आहे? कोरियाच्या संदर्भात या प्रश्नाचे रूप असे होईल : यात बेकजंग कुठे आहे?

बेकजंग म्हणजे कोरियातला खाटीक, चांभार, बुरूड आणि मांग यांची कामे एकाच माथी मारलेला समाज. जनावरे कापणे, कातडी कमावणे, वाळुंजाच्या फोकांची सुपे-टोपल्या विणणे, वेळप्रसंगी गुन्हेगाराचा शिरच्छेद करणे, ही त्यांची कामे. १३९२ ते १९१० या जोसॉन राजवटीत त्यांची वस्ती गावाबाहेर असे. काळ्या केसांची सभ्य टोपी, जिला कोरियन भाषेत ‘गात’ म्हणतात, ती घालायची त्यांना बंदी होती. त्यांनी बांबूची ‘पेरेंगी’ घालायची, म्हणजे लांबूनच ओळख पटावी. रेशमी वस्त्र नाही, कौलारू घर नाही, बायकांच्या अंबाड्यात सवाष्णीची पिन नाही. दया, न्याय अशा थोर अर्थाची अक्षरे मुलाच्या नावात घालता येत नसत. सामान्य घरातल्या पोरासोरांशीही त्यांनी अदबीच्या भाषेतच बोलायचे. पेशवाईतल्या गळ्यातील मडक्याची आणि कमरेच्या झाडूची ज्यांना आठवण आहे त्यांना या यादीचा अर्थ फोड करून सांगायला नको.

आता ‘बेकजंग’ या नावाचाच इतिहास पाहा. जोसॉनपूर्वीच्या कोर्यो राजवटीत हा शब्द साध्या शेतकऱ्याला लावत. खाटकांची, टोपल्या विणणाऱ्यांची, डोंबाऱ्यांसारखे खेळ करणाऱ्यांची नावे निराळी होती. १४२३ साली राजा सेजोंगच्या सरकारने ठरवले की या हीन गणलेल्या लोकांना शेती करायला लावावी, सामान्य प्रजेत मिसळावे आणि त्यांनाही बेकजंगच म्हणावे. प्रजेने काय केले? तिने या लोकांना ‘नवे बेकजंग’ म्हणायला सुरुवात केली आणि स्वतः ते नाव टाकून दिले. थोड्याच काळात प्रतिष्ठित नावाची शिवी झाली. वरून दिलेल्या नावाने माणसाची जागा बदलत नाही, हे ‘हरिजन’ या शब्दाच्या संदर्भात आपण शिकलो. कोरियात तो धडा पाचशे वर्षे आधीच गिरवला गेला होता.

येथे दुसऱ्या एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे, कारण ती आपल्या वाचकाला विशेष खटकेल. बेकजंगांची अवहेलना बौद्ध धर्मामुळे झाली, प्राणिहत्येच्या निषेधातून खाटिकाचा तिरस्कार निर्माण झाला, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. त्याला थोडा आधार आहे. बौद्ध धर्म राजाश्रयाला असलेल्या कोर्योच्या काळातही हे समूह हीन गणले जात होते, हे आपण आपल्या श्रद्धेपोटी लपवता कामा नये. परंतु हे स्पष्टीकरण देणाऱ्या पुस्तकाला पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. बेकजंगांवरील निर्बंध ज्या जोसॉन काळात घट्ट झाले त्या काळात राज्याचा धर्म कन्फ्यूशियसचा होता आणि बौद्ध भिक्षू स्वतःच हीन मानल्या गेलेल्या आठ वर्गांत मोजले जात होते. गुलाम, खाटीक, देवऋषी, नाचे, तिरडी वाहणारे आणि त्यांच्याच पंगतीत भिक्षू! १८९५ पर्यंत भिक्षूंना राजधानीत प्रवेश करायलाही बंदी होती. मग अवहेलनेचे मूळ केवळ अहिंसेत शोधायचे, की ‘यांगबान’ म्हणविणाऱ्या जमीनदार-पंडित वर्गाच्या जन्मसिद्ध श्रेणीव्यवस्थेत? जे पुस्तक या दोन्ही बाजू मांडते ते विश्वासाचे. जे एका वाक्यात धर्मावर ढकलून मोकळे होते, ते यांगबानाला पाठीशी घालते.

आधुनिक कोरियाचा इतिहास बहुतेक पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुरू करतात. त्यात १८९४ हे वर्ष मोठे. त्या वर्षी दोंगहाक पंथाच्या शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी सरकारने ‘काबो सुधारणा’ जाहीर करून जन्मावर आधारलेले दर्जे आणि गुलामगिरी कायद्याने रद्द केली. पाठ्यपुस्तकी इतिहास येथे सुटकेचा श्वास टाकतो : १८९४ मध्ये विषमता संपली. परंतु पुस्तकाची परीक्षा नेमकी येथे करावी. दोंगहाक उठावाच्या बारा कलमी कार्यक्रमात गुलामांच्या नोंदवह्या जाळाव्यात आणि बेकजंगांच्या डोक्यावरची बांबूची टोपी काढावी अशी कलमे होती, असे सर्रास लिहिले जाते. ही यादी येते ओ जी-यंग याच्या दोंगहाक इतिहासावरील पुस्तकातून, आणि ते छापले गेले १९४० साली, म्हणजे उठावानंतर सेहेचाळीस वर्षांनी. यादी जशीच्या तशी खरी मानावी की नाही याविषयी संशोधकांत वाद आहे. चांगले पुस्तक हा वाद वाचकाला सांगते. बंडखोरांवरच्या प्रेमापोटी तो गिळून टाकत नाही आणि बंडखोरांविषयीच्या अढीपोटी सगळेच खोटे ठरवत नाही.

कायदा झाल्यावर काय झाले हे पाहायचे असेल तर पाक संग-चुन या सोलच्या बेकजंगाची गोष्ट शोधावी. १८९३ मध्ये तो तापाने मरणाच्या दारी होता. सॅम्युएल मूर या मिशनऱ्याच्या सांगण्यावरून राजाचा वैद्य ऑलिव्हर एव्हिसन त्याच्या झोपडीत जाऊन उपचार करू लागला. राजाच्या अंगाला लागणारा हात आपल्यालाही लागतो, हा अनुभव त्या माणसाला बदलून गेला. तो ख्रिस्ती झाला. परंतु तो चर्चमध्ये येऊन बसताच यांगबान भाविक उठून गेले, त्यांनी स्वतंत्र आसने मागितली, ती मिळेनात तेव्हा वेगळे चर्च थाटले. देव एक झाला तरी बाक एक झाला नाही! १८९५ मध्ये पाक संग-चुनने सरकारकडे अर्ज केला की कायद्याने आम्ही समान असलो तर आम्हाला ‘गात’ घालू द्या. २९ ऑक्टोबर १८९८ रोजी सोलमध्ये अधिकारी आणि प्रजा यांची प्रचंड संयुक्त सभा झाली, तिच्या आरंभी बोलायला उभा राहिला तो हा खाटीक. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ साली कोरियात पाश्चात्य वैद्यक शिकून डॉक्टर झाला. कोरियातील ख्रिस्ती मिशनांवरच्या पुस्तकांत ही गोष्ट धर्मप्रसाराचा विजय म्हणून येते. आपण ती वाचताना विचारावे : अर्ज कोणी लिहिला? टोपी कोणी मागितली? उपकार करणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात आणि हक्क मागणाऱ्याचे बारीक, असे ज्या पुस्तकात असेल ते पुस्तक अर्धे समजावे.

१९१० साली जपानने कोरिया गिळंकृत केला. वसाहतवादी लेखनाचा दावा असा की, कुजलेल्या समाजाला जपानने आधुनिक केले. मग १८९४ मध्ये रद्द झालेली जन्माची खूण वसाहतीच्या काळातल्या कुटुंब-नोंदींत बेकजंगांच्या नावापुढे कशी टिकली? कोणाच्या नावापुढे ‘खाटीक’ असा शब्द, कोणाच्या नावापुढे लाल ठिपका. मुलाला शाळेत घालायचे तर ही नोंद दाखवावी लागे, आणि नोंद दाखवली की शाळेचे दार बंद होई. रस्ते, रेल्वे आणि कार्यालये आणणाऱ्या सत्तेने माणसाच्या नावापुढचा ठिपका मात्र पुसला नाही.

या ठिपक्याविरुद्ध एप्रिल १९२३ मध्ये दक्षिणेकडील जिंजू शहरात ‘ह्यंगप्यंगसा’ स्थापन झाली. ‘ह्यंग’ म्हणजे तराजू, ‘प्यंग’ म्हणजे समतोल. खाटकाच्या हातातले रोजचे साधनच त्यांनी समतेचे निशाण केले. संस्थापकांत ई हाक-चान हा सधन बेकजंग होता, त्याच्या मुलांना शाळांनी नाकारले होते. जपानच्या मेइजी विद्यापीठात शिकलेला बेकजंग जांग जी-पिल होता. आणि कांग सांग-हो हा जन्माने वरच्या वर्गातला, सुखवस्तू घरातला माणूस होता. चार लाख बेकजंगांच्या वतीने आपण बोलतो असे संघटनेने जाहीर केले. तिने अपमानकारक संबोधने बंद करण्याची, शिक्षणाची आणि माणूस म्हणून वागवले जाण्याची मागणी केली.

प्रतिक्रिया तत्काळ उमटली. मे १९२३ मध्ये जिंजूच्या परिसरातले शेतकरी जमावाने चालून आले, गोमांस विकत घेऊ नका असा बहिष्कार पुकारला गेला, आणि कांग सांग-होला लोक ‘नवा बेकजंग’ म्हणू लागले. १४२३ मध्ये उच्चारलेली शिवी बरोबर पाचशे वर्षांनी, तीच, त्याच शब्दांत! ऑगस्ट १९२५ मध्ये येचॉन येथे शाखेच्या वर्धापनदिनानंतर जमावाने कार्यालयावर आणि वस्तीवर हल्ले केले, त्यात जांग जी-पिलही जखमी झाला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की हल्लेखोर जपानी नव्हते. ते स्वतः परसत्तेखाली भरडलेले कोरियन होते. १ मार्च १९१९ रोजी ज्या देशात स्वातंत्र्याच्या घोषणा घुमल्या, त्याच देशात चार वर्षांनी गोरगरीब शेतकरी आपल्याहून खालच्याला खालीच ठेवण्यासाठी काठ्या घेऊन निघाले.

या काळाला आपल्याकडचा काळ समांतर आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावे लागले आणि नंतर डोकी फोडून घ्यावी लागली. कागदावरचा हक्क आणि तळ्यावरचा हक्क यांत जे अंतर, तेच १८९४ आणि १९२३ यांत आहे. जपानमधल्या बुराकुमिनांनी १९२२ साली ‘सुइहेइशा’ स्थापन केली होती आणि ह्यंगप्यंगसाचे तिच्याशी संबंध जुळले होते. राज्यकर्त्या देशातले आणि गुलाम देशातले पददलित एकमेकांना ओळखत होते, ही गोष्ट राष्ट्रवादी इतिहासात बसत नाही, म्हणून ती सहसा तेथे सापडत नाही.

राष्ट्रवादी इतिहासलेखनाची अडचण समजून घेतली पाहिजे. शिन चे-हो याने १९०८ मध्ये राजघराण्याऐवजी राष्ट्राला इतिहासाचा नायक केले. परकी सत्तेखालच्या समाजाला त्यातून बळ मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एक रक्त, एक राष्ट्र असे एकदा म्हटले की त्या रक्तातल्या उतरंडीविषयी बोलणे हा फितुरीचा प्रकार ठरतो. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा वाद आपल्याकडे ज्यांनी अनुभवला त्यांना ही कोंडी परिचित आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावर ती सर्वांत उघड दिसते. अमेरिकन अभ्यासक जेम्स पॅले यांनी मांडले की कोरियात शतकानुशतके सुमारे तीस टक्के लोक वंशपरंपरेने गुलाम होते, म्हणून त्या समाजाला गुलामांचा समाजच म्हटले पाहिजे. कित्येक कोरियन विद्वानांना हे रुचले नाही. ‘नोबी’ म्हणजे गुलाम नव्हे, त्याला स्वतःची जमीन असे, कुटुंब असे, असा प्रतिवाद झाला. प्रतिवादात तथ्य असेल तेवढे घ्यावे. पण ज्या माणसाला विकता येते, वारसाहक्काने देता येते, त्याला काय म्हणायचे, याचे उत्तर त्या माणसाच्या जागी उभे राहून द्यावे लागते.

मग वाचायचे काय? एकूण रूपरेषा समजण्यासाठी ली की-बेक यांचे, १९८४ मध्ये इंग्रजीत आलेले ‘अ न्यू हिस्टरी ऑफ कोरिया’ अजूनही उपयोगी आहे. मात्र त्यांनी कालखंड पाडले आहेत ते सत्ता गाजवणारा वर्ग कसा बदलत गेला यावरून, हे ध्यानात ठेवून वाचावे. वरून पाहणाऱ्याला जे दिसते ते त्यात आहे. ब्रूस कमिंग्ज यांचे ‘कोरियाज प्लेस इन द सन’ (१९९७) अधिक वादग्रस्त आणि अधिक जिवंत आहे. जन्मजात दर्जांचे आधुनिक काळात काय झाले यासाठी क्यंग मून ह्वांग यांचे ‘बियाँड बर्थ’ (२००४) पाहावे. शिन गि-वूक आणि मायकेल रॉबिन्सन यांनी संपादलेल्या ‘कलोनियल मॉडर्निटी इन कोरिया’ (१९९९) या ग्रंथात किम जूंग-सप यांचा बेकजंग चळवळीवरचा लेख आहे, आणि २००३ मध्ये त्यांचे ‘द कोरियन पेकजंग अंडर जपानीज रूल’ हे स्वतंत्र पुस्तक आले. किम हे जिंजूच्याच विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ. एका विद्यार्थ्याने एकच पुस्तक वाचायचे ठरवले तर हे वाचावे, असे मी म्हणेन. वसाहतकाळातल्या देशी भांडवलदाराचे चरित्र कळण्यासाठी कार्टर एकर्ट यांचे ‘ऑफस्प्रिंग ऑफ एम्पायर’ (१९९१) जोडीला घ्यावे. देशी म्हणविणारी गिरणी जपानी बँकेच्या आणि जपानी सत्तेच्या आधाराने कशी वाढली हे त्यात आहे.

कोरियन युद्धावरची पुस्तके तर ढीगभर आहेत. त्यांतली पुष्कळशी २५ जून १९५० च्या पहाटे सुरू होतात आणि २७ जुलै १९५३ च्या शस्त्रसंधीला संपतात. त्यात कोरियन माणूस म्हणजे रस्त्याच्या कडेने बोचकी घेऊन चाललेला निर्वासित, एवढेच. कमिंग्ज यांच्या ‘द ओरिजिन्स ऑफ द कोरियन वॉर’ या दोन खंडांनी (१९८१, १९९०) युद्धाची मुळे १९४५ नंतर गावोगाव उभ्या राहिलेल्या लोकसमित्यांत आणि जमिनीच्या प्रश्नात शोधली, हे त्यांचे मोठे काम. परंतु १९९० नंतर सोव्हिएत कागदपत्रे उघडी झाली आणि आक्रमणाच्या तयारीतला किम इल-सुंग व स्टॅलिन यांचा वाटा स्पष्ट झाला. म्हणून त्या कागदपत्रांनंतर लिहिलेले एखादे पुस्तक शेजारी ठेवूनच कमिंग्ज वाचावे. आपल्या बाजूचा वाटणारा लेखकही तपासून घ्यावा, हा नियम आपण स्वतःला लावला नाही तर दुसऱ्यांना लावण्याचा अधिकार राहत नाही.

युद्धाचा आणि बेकजंगांचा संबंध काय? आता मूळ युक्तिवादाकडे वळू. बेकजंग नाहीसे झाले हे खरे आहे. ह्यंगप्यंगसा मात्र जिंकून थांबली नाही. अंतर्गत फूट, पोलिसांची धरपकड आणि युद्धखोर राजवटीचा दाब यांखाली ती थकली, १९३५ मध्ये तिचे नाव बदलून ‘देदोंगसा’ झाले आणि ती खाटीक व्यवसायाच्या हितापुरती उरली. त्यानंतर १९४५ ची फाळणी, जमीनवाटप आणि तीन वर्षांचे युद्ध आले. लाखो माणसे गाव सोडून परागंदा झाली. कोण कोणत्या वस्तीतला हे सांगणारा शेजारी उरला नाही. पुढे साठच्या दशकापासून खेडी सोलकडे धावली, आणि मांसाचा धंदा पैसेवाल्यांचा झाला. दुसरीकडे जो तो स्वतःची वंशावळ यांगबान घराण्याशी जोडून बसला. वंशावळी विकत घेण्याची रीत तर जोसॉनच्या उत्तरकाळापासूनच होती.

म्हणजे बेकजंग नाहीसा झाला तो त्याच्याविषयीचा तिरस्कार पश्चात्तापाने संपला म्हणून नव्हे. त्याला ओळखणारे गाव जळाले, आणि त्याने स्वतः आपली ओळख पुरली. शहरात येऊन आडनाव बदलणारा आपला माणूस ही गोष्ट चांगली जाणतो. फरक एवढाच की आपल्याकडे गाव जळाले नाही आणि जात शहरातही पत्ता विचारीत येते. कोरियात बेकजंग हा एक लहान समूह होता, तर आपल्याकडे शेकडो जातींची, रोटीबेटीबंदीची आणि शास्त्रांच्या आधाराची उतरंड आहे. एका महायुद्धाच्या, एका फाळणीच्या आणि एका यादवीच्या किमतीला जे कोरियात झाले, त्याला ‘आधुनिकीकरणाने आपोआप’ म्हणणारे पुस्तक खोटे बोलते. आणि आजही क्रूर खुन्याला कोरियन भाषेत ‘माणसांचा बेकजंग’ म्हणतात. माणूस गेला, शिवी राहिली.

याचा आणखी एक परिणाम वाङ्मयाच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि त्यानंतर आपल्या आत्मकथनांनी मराठी साहित्याचा चेहरा बदलला. लपवण्यापेक्षा सांगणे आपण पत्करले. बेकजंगांनी लपवणे पत्करले, किंवा इतिहासाने त्यांच्यावर ते लादले. म्हणून त्यांचा इतिहास वृत्तपत्रांतून, पोलिसांच्या अहवालांतून, मिशनऱ्यांच्या पत्रांतून जुळवावा लागतो. १९९६ साली जिंजूत या चळवळीचे स्मारक उभे राहिले आणि २०२३ मध्ये तिची शताब्दी झाली. पण ‘मी बेकजंगाचा नातू’ असे म्हणणारा आवाज त्या इतिहासात ऐकू येत नाही. हे समतेचे यश मानायचे की मौनाचे, हे वाचकाने ठरवावे.

तिरस्काराची पद्धत मात्र माणूस बदलूनही टिकते. ‘आर्थिक चमत्कार’ सांगणाऱ्या पुस्तकांना हा प्रश्न विचारावा. सोलच्या प्योंगह्वा बाजारातल्या शिवणकामाच्या कोंदट माळ्यांवर कोवळ्या मुली राबत होत्या. तेथला कामगार च्यॉन ते-इल कामगार कायदा स्वतः वाचायला बसला, तेव्हा त्यातली चिनी अक्षरे त्याला उलगडेनात, आणि आपल्याला एक तरी महाविद्यालयात शिकणारा मित्र असता तर, असे त्याला वाटत राहिले. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने कायद्याच्या प्रतीसह स्वतःला जाळून घेतले. तो बावीस वर्षांचा होता. त्याचे चरित्र जो यंग-रे याने पोलिसांपासून लपत लिहिले. १९८३ मध्ये ते कोरियात छापले तेव्हा त्यावर लेखकाचे नाव नव्हते. नाव आले १९९१ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. १९७८ च्या फेब्रुवारीत इंचॉनच्या दोंगइल गिरणीत संघटनेचे मतदान करायला आलेल्या बायकांच्या अंगावर विष्ठा फेकली गेली. ते कोणी बेकजंगांचे वंशज नव्हते. पण खालच्या माणसाने डोके वर काढले की त्याच्यावर घाण टाकायची, ही रीत आपल्याला ओळखू येते. ‘चमत्कारा’च्या पुस्तकात ही तारीख नसेल तर तो चमत्कार कोणाच्या पाठीवर झाला हे त्या पुस्तकाला सांगायचे नाही. याकरिता हागेन कू यांचे ‘कोरियन वर्कर्स’ (२००१) वाचावे.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव कोणाचे, हाही कोरियात इतिहासाचाच भाग आहे. मे १९८० मधील ग्वांगजूच्या उठावाची पहिली मोठी हकिगत १९८५ मध्ये निघाली ती ह्वांग सोक-यंग या प्रसिद्ध कादंबरीकाराच्या नावाने, कारण प्रत्यक्ष लिहिणाऱ्या ई जे-उई आदी तरुणांची नावे उघड करणे धोक्याचे होते. प्रती जप्त झाल्या, तरी पुस्तक हस्ते-परहस्ते फिरले. जेजू बेटावर १९४८ च्या सुमारास जे हत्याकांड झाले, त्यात पंचवीस ते तीस हजार माणसे मेली असावीत असा सरकारी चौकशी अहवाल २००३ मध्ये आला. पण त्याआधी पंचवीस वर्षे, १९७८ मध्ये, ह्यन गि-यंग या लेखकाने एका कथेत ते सांगितले होते आणि त्यापायी छळ सोसला होता. इतिहासकार गप्प असतात तेव्हा इतिहास कथेत राहतो. म्हणून कोरियाचा इतिहास वाचणाऱ्याने कपाटाच्या एकाच फळीवर थांबू नये.

आणि उत्तर कोरियाचे काय? जन्माधिष्ठित दर्जा संपवल्याची घोषणा करणाऱ्या त्या राज्याने पूर्वजांच्या वर्गावरून आणि निष्ठेवरून प्रजेची विश्वासू, डळमळीत आणि शत्रू अशी वर्गवारी केली, आणि बापाची नोंद मुलाच्या शिक्षणाला व नोकरीला आडवी येऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये हे तपशिलाने नोंदवले आहे. जमीनदाराचा नातू खाली आणि कुळाचा नातू वर, असे उतरंडीचे तोंड फिरवले म्हणून उतरंड मोडत नाही. आपल्यापैकी जे क्रांतीची भाषा बोलतात त्यांनी हे पान मुद्दाम वाचावे.

सत्ताधाऱ्यांना ‘योग्य’ पुस्तकाची ओढ नेहमीच असते. २०१५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सरकारने शाळांसाठी सरकारनेच लिहिलेले एकमेव इतिहासपुस्तक लादायचे ठरवले. शिक्षक, विद्यार्थी, इतिहासकार रस्त्यावर आले. सरकार बदलले आणि मे २०१७ मध्ये तो बेत रद्द झाला. शिक्षकांनी या घटनेतून घेण्यासारखा बोध असा की एकच चांगले पुस्तक शोधणे हा ध्यासच धोक्याचा आहे. दोन पुस्तके समोरासमोर ठेवावीत. एकात जे नाही ते दुसऱ्यात पाहावे. दोन्हीत जे नाही त्याची यादी करावी, आणि ती यादी वर्गात वाचून दाखवावी.

ह्यंगप्यंगसाच्या माणसांनी आपल्या निशाणासाठी तराजू निवडला. मांस तोलताना त्यांच्या हाताला त्याची सवय होती; समाजाने त्यांना मात्र कधी त्यात तोलले नव्हते. कोरियाच्या इतिहासाचे पुस्तक हाती आले की तो तराजू आपण घ्यावा. एका पारड्यात राजे, सेनापती, उद्योगपती यांची पाने घालावीत. दुसऱ्यात ज्याच्या नावापुढे लाल ठिपका होता त्याची पाने घालावीत. पारडी समान होणार नाहीत, हे ठाऊकच आहे. किती अंतर पडते आणि ते अंतर लेखकाला स्वतःला ठाऊक आहे की नाही, एवढे पाहिले तरी पुस्तक चांगले की वाईट हे कळायला दुसऱ्या कोणाच्या शिफारशीची गरज उरणार नाही.